सरळ उभा काटा

धाकट्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि वेड मोटारींच्या शर्यतीचं. आठवडाभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची आणि सुट्टीचे दोन दिवस वीस वर्षं जुनी, आतून सोलून काढलेली गाडी घेऊन ट्रॅकवर जिवाचा आटापिटा करायचा. अकरा वर्षांत स्वारी दोनदा तिसरी आली होती. बाकी सगळा आनंदच. तरी 'चष्मेवाला आला रे' म्हणत लोक हात हलवायचे आणि त्याला तेवढं पुरायचं.

गाडी त्याची असली तरी तिची सगळी काळजी थोरल्या भावाकडे. थोरला बसडेपोत मेकॅनिक होता, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. त्यानंतर तो नुसता खिडकीशी बसून राहायला लागला, तेव्हा वहिनीनेच धाकट्याला गाठलं. "त्यांना काहीतरी काम दे रे. घरात बसून माणूस खंगत चाललाय." मग या मोसमासाठी इंजिन नव्याने बांधायचं ठरलं आणि थोरला पाच महिने शेडमध्ये रमला. हल्ली त्याचे हात थरथरायचे, म्हणून प्रत्येक बोल्ट तो दोनदोनदा आवळून बघायचा. त्या थरथरीबद्दल दोघा भावांत कधी अवाक्षर निघालं नव्हतं. वहिनी मात्र परवाच म्हणाली होती, की पूर्वीसारखे पोटभर जेवायला लागलेत.

थोरल्याची एक पद्धत होती. गाडीतले सगळे मीटर तो फिरवून बसवायचा. आकडे तिरपे आले तरी चालतील, पण सगळं ठीक असताना प्रत्येक काटा सरळ वर उभा दिसला पाहिजे. "वळणावर आकडे वाचत बसलास तर भिंतीत जाशील," तो म्हणायचा. "काटे उभे, तर सगळं बरं. एक जरी कलला, तर मुकाट्याने ट्रॅक सोडून आत ये."

शनिवारी सरावातच साडेसाती सुरू झाली. आधी रेडिएटरचा पाइप फुटला, मग ऑइलच्या प्रेशरचा मीटर बंद पडला. थोरला गाडीखाली पाठीवर पडून पाइप बदलत होता. शेजारी एक बेकरीवाला होता, शर्यतीत कायम शेवटून दुसरा, पण मनाचा राजा. त्याने आपल्याजवळचा जादा मीटर काढून दिला.

"दादा, मीटर मीच बसवतो," धाकटा म्हणाला.

"बसव. नीट बघून."

त्याने नीट बघूनच बसवला, हीच तर रड. वीस वर्षं लोकांच्या नाकावर फ्रेम सरळ बसवणारा माणूस तो. आकडे वाकडे दिसले की त्याच्या हाताला चैन पडत नसे. आकडे अगदी सरळ रेषेत आणले आणि समाधानाने स्क्रू आवळले. दादाची पद्धत त्या क्षणी त्याच्या डोक्यातून साफ गेली होती.

रविवारी गाडी अशी पळाली, की धाकट्याचा स्वतःवर विश्वास बसेना. नवव्या फेरीला तो चौथा होता. तेवढ्यात पुढची गाडी खडीत घसरली आणि दगड उडाले. त्यातला एक समोरच्या ऑइल कूलरवर बसला आणि ऑइल गळायला लागलं. सकाळपासून उजवीकडे कललेला, पण पळण्याच्या धुंदीत धाकट्याच्या नजरेतून सुटलेला तो नवा काटा प्रेशर उतरलं तसा हळूहळू मागे येत बरोबर मध्यावर, सरळ उभा राहिला. धाकट्याने ओझरतं पाहिलं. चारही काटे उभे. त्याचा जीव भांड्यात पडला आणि त्याने पाय आणखी दाबला. पुन्हा काही त्याने तिकडे पाहिलं नाही. दोन फेऱ्यांनी इंजिनातून हातोडा मारल्यासारखा आवाज आला आणि काचेवर धूर भरला.

गाडी ओढत आणली. थोरला धावत आला. धाकट्याने हेल्मेट काढलं आणि त्याची जीभ सुटली.

"बेअरिंग धड बसवलीच नव्हतीस तू! हात थरथरतात तुझे, दादा. साऱ्या जगाला दिसतं, तुला कसं दिसत नाही?"

आसपासचे आठ-दहा जण बोलायचे थांबले. थोरल्याने गाडीत डोकं घालून क्षणभर पाहिलं, मग म्हणाला, "मी बसने जातो." आणि गेला.

संध्याकाळी बेकरीवाला मीटर मागायला आला. धाकटा स्क्रूड्रायव्हर घेऊन बसला आणि त्याचा हात तिथेच थबकला. तीन मीटरांचे आकडे तिरपे, चौथ्याचे सरळ. तो धडपडत पुढे गेला, वाकून कूलरला हात लावला. भोकात बोटाचं टोक गेलं.

"दगडाचं काम आहे हे," बेकरीवाला म्हणाला. "चूक कुणाचीच नाही."

धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वेळेवर थांबला असता तर दादाचे पाच महिने वाचले असते.

सोमवारी दुकान न उघडताच तो दादाकडे गेला. वहिनीने दार उघडलं, पण 'ये' म्हणाली नाही. थोरला खिडकीशी बसला होता. धाकट्याने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

"माहीत आहे," थोरला म्हणाला. "गाडीत डोकावलो तेव्हाच दिसलं."

"मग तिथेच का नाही बोललास? सगळ्यांदेखत झापायचं होतंस मला!"

"तू आधीच कासावीस झाला होतास."

"मी सगळ्यांसमोर माफी मागतो, दादा. आपण दुसरं इंजिन बांधू."

"मीटरचं काही नाही रे. कुणाच्याही हातून होतं." थोरला बाहेरच बघत होता. "पण हातांचं जे बोललास, ते काही तुला काल सुचलं नव्हतं."

धाकट्याला 'नाही' म्हणायचं होतं. पण दादाशी खोटं बोलायला त्याची जीभ रेटेना.

वहिनीने चहाचे दोन कप आणून ठेवले. धाकट्याने आपला संपवला. थोरला हात मांडीवर घट्ट धरून बसून राहिला, कपाला त्याने बोटही लावलं नाही. शेवटी धाकटा उठला, "येतो," म्हणाला आणि बाहेर पडला. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरला असेल नसेल, तोच आत बशीवर कप खडखडलेला त्याला ऐकू आला.