बंद गाडीले काय लागते?

मी बोलतेय ती रागानं बोलतेय, हे आधीच सांगून टाकते. मी विजेवर चालणारी एक मोटार. वलगावला मोतीराम तायड्यांच्या अंगणात दोन महिन्यांपासून जागची हललेली नाही. मागच्या काचेवर कागद चिकटवलाय, 'विकणे आहे', आणि खाली पुण्याचा मोबाइल नंबर. येणारा-जाणारा कागद वाचतो आणि सोबतच्याला सांगतो, "हेच ते गाडी, जिच्यापायी तायडे बुढा मरता मरता वाचला."

वा रे वा! यांतला एकही माणूस त्या दिवशी तिथं नव्हता. जे होते त्यांनी तोंडाला कुलूप लावलंय. मग आता मीच बोलते.

जन्म माझा कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पहिला मालक नागपूरचा. शोरूमवाल्यानं त्याला छातीठोक सांगितलं होतं, "साहेब, एका चार्जिंगमध्ये तीनशे किलोमीटर." खोटारडा मेला! तीनशे ते कागदावर. उन्हाळ्यात एसी लावून, चार माणसं बसवून मी दोनशे जाते, फार तर दहा जास्त. मी काही लपवत नाही. किती टक्के उरले ते समोरच्या पडद्यावर मोठ्या आकड्यात दाखवते. वाचायचं नाही म्हटल्यावर मी काय करू? मालकाला महिन्यातून चारदा मुंबई गाठायची असायची. तीन वर्षं कुरकुर करून त्यानं मला अर्ध्या किमतीत काढलं.

तायड्यांच्या घरी आणलं ते भावनानं. मोतीरामांची मोठी मुलगी. वलगावातच पतसंस्थेत कामाला, अकराची ड्यूटी. अर्धे पैसे तिचे, अर्धे पुण्याला नोकरी करणाऱ्या धाकट्या भावाचे, धम्मदीपचे. कागद भावाच्या नावावर. घरात पुरुषाच्या नावावर गाडी बरी दिसते म्हणे. दिसू दे! चालवायची मात्र भावनाच.

मला घेतलं ते मिरवायला नव्हे. मोतीरामांच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस करायचं, सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सहा ते दहा, बारा किलोमीटरवर अमरावतीला. मशीनवरून उठलं की पाय लटपटतात, डोळ्यांपुढं अंधारी येते. तशा अवस्थेत काळीपिवळीत कोंबून घ्यायचं, नाहीतर सहाशे मोजून ऑटो. एकदा बस स्टँडवरच पडले. तेव्हापासून शुक्रवार आला की म्हणायचे, "आज बरं वाटून राहिलं मले. आज राहू दे." बरं कशाचं वाटतंय! पोरीचे पैसे वाचवत होते. तीन पाळ्यांच्या दोन झाल्या होत्या.

मी आले आणि तीनच्या तीन सुरू झाल्या. जाऊन-येऊन पंचवीस किलोमीटर, चार युनिट वीज. घरच्याच बोर्डावरून रात्रभर खायचं आणि सकाळी साडेपाचला निघायचं. पेट्रोलची गाडी यांना झेपलीच नसती, मी झेपले. चौदा महिन्यांत एक पाळी चुकली नाही. एकही नाही! हे सांगताना मला फुशारकी मारायची आहे, आणि मी मारणार.

मोतीराम शेजारच्या सीटवर बसायचे. पहिल्या दिवशी म्हणाले, "भावना, सुरू तर कर."

"सुरूच हाये बाबा."

"आवाज कुठी हाये मंग?"

हसले तेव्हा पोट धरून. नंतर मात्र मी कशी चालते ते त्यांनी बरोबर ओळखलं. उतारावर माझ्यात आपसूक थोडी वीज परत भरते, तिथं म्हणायचे, "पाय काढ, पाय काढ. ते आपली आपण भरून घेते." चालवणाऱ्याच्या जातीचा माणूस, त्याला समजावून सांगावं लागत नाही. येताना सीट मागं पाडून डोळे मिटून पडायचे आणि मी खड्डे चुकवायची. म्हणजे चुकवायची भावना, पण मनातून मीही अंग चोरायची.

आता त्या लग्नाचं सांगते.

मे महिन्यात धम्मदीपचं लग्न ठरलं. मुलगी अकोल्याची, आचल. लग्न रविवारी, अकोल्याच्या एका मंगल कार्यालयात. इथून अकोला शंभर किलोमीटर. वऱ्हाडासाठी बस केली होती, पण मोतीरामांना उन्हातून बसनं न्यायचं नाही, म्हणून मी. भावनानं आठ दिवस आधी कार्यालयवाल्याशी फोनवर बोलून ठेवलं होतं, "पंधरा अँपिअरचा एक पॉइंट गाडीसाठी पाहिजे." तो म्हणाला, "देतो नं ताई." हिशेब सरळ होता. जाताना अर्धी संपेन, पाच-सहा तास लावून ठेवायचं, संध्याकाळी घर. सोमवारी सकाळी सहाला डायलिसिस.

पोचलो तेव्हा माझ्यात सत्तेचाळीस टक्के होते. भावनानं आल्याआल्या वायर लावली, मोतीरामांना आत कूलरसमोर खुर्ची दिली आणि बुद्धवंदनेला जाऊन बसली. दहा मिनिटांत मांडववाला आला. माझी वायर उपटली, आणि तिथं नवरीच्या खोलीतल्या जंबो कूलरची लावली. विचारलं कुणाला? कुणालाच नाही. माझी वायर धुळीत फेकून गेला.

तेवढ्यावर भागलं असतं तरी मी घरी पोचले असते. ओढून ताणून का होईना, पोचले असते.

अकोल्याचा मे, शेहेचाळीस डिग्री. मांडवातले कूलर गरम वाफा सोडत होते. जेवणाच्या पंक्ती सुरू झाल्या आणि नवरीच्या मावसआजीला चक्कर आली. धम्मदीप, नवरदेव, पांढराशुभ्र सदरा घालून धावत आला. भावनाकडून किल्ली मागून घेतली होतीच, फोटोसाठी. माझं दार उघडलं, एसी लावला आणि आजीला बसवलं. बरोबर केलं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. म्हातारी दहा मिनिटांत सावरली.

पण मग आजीच्या सुना आल्या. मग लेकरं घेऊन माम्या, मग नवरीचे दोन काका. एक उतरला की दुसरा चढायचा. दारं उघडी टाकून गप्पा, आत थंडी आणि बाहेर थंडी! मी काय जिल्हाभर गार करणार होते?

एका काकांना शंका आली. "जावईबापू, तुमच्या गाडीचं तेल उगी जयत नाई नं?"

आणि धम्मदीप हसून म्हणाला, "बसा नं काकाजी, बिनधास्त बसा. इंजन बंदच हाये. बंद गाडीले काय लागते?"

बंद! आवाज नाही म्हणजे बंद! यांच्या पेट्रोलच्या गाड्या उभ्या उभ्या घुरघुरतात, थरथरतात, म्हणून कुणी तरी म्हणतं, अरे, तेल जातंय, बंद कर. मी बिचारी गप्प राहून रक्त आटवत होते, तर माझं कुणाला काही वाटेना. पडद्यावर आकडा उतरत होता. चाळीस. तेहेतीस. सव्वीस. काकांच्या डोळ्यांसमोर उतरत होता, त्यांना तो आतल्या गारव्याचा आकडा वाटला असावा. "पाय बरं, अजून थंड होऊन राहिलं," असं बायकोला दाखवत होते.

चार तास! चार तास मी सोयऱ्यांची खोली होते.

भावना आली तेव्हा एकोणीस उरले होते. तिनं धुळीतली वायर पाहिली, मांडीला मांडी लावून आत बसलेले लोक पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. धम्मदीपला बाजूला घेतलं.

"धम्मा, काय केलं बे हे? आता इथंच लावा लागन चार तास."

धम्मदीपनं आकडा पाहिला. मी सांगते, पाहिला. माझ्या समोर पाहिला. तोंडावरचा रंग गेला त्याच्या. पण मागं सासरे उभे होते, काकाजी उभे होते. हळूच म्हणाला, "ताई, आता त्यायले काही बोलू नको. लगन हाये. रस्त्यावर चार्जिंग हाये नं कुठी?"

सोयऱ्यांना शब्द लागला तर जन्मभराचा रुसवा. भावना धुळीतली वायर उचलून गुंडाळायला लागली. कार्यालय पाचला दुसऱ्या पार्टीला द्यायचं होतं, मांडववाल्यानं वीज तोडायला सुरुवात केलीच होती. मोबाइलमध्ये पाहिलं तर मूर्तिजापूरच्या अलीकडे एका धाब्यावर मोठं चार्जिंग मशीन, हिरव्या खुणेनं 'चालू' दाखवत होतं. नवरानवरी सासरच्या गाडीनं, वऱ्हाड बसनं, आणि मी भावनाला, मोतीरामांना, त्यांच्या बायकोला, जाईबाईंना घेऊन निघाले. एसी बंद, काचा उघड्या, गरम वारा तोंडावर.

मशीन होतं तिथं. होतं, म्हणजे उभं होतं! गळ्यात उद्घाटनाचा वाळलेला हार, पडदा काळा, आणि त्यावर दिलेला फोन लावला तर नंबर अस्तित्वात नाही. जागा आहे म्हणून समोर दोन ट्रक लावून ठेवलेले. अरे, चालवायचं नव्हतं तर फीत कापली कशाला? फोटोपुरतं? असल्या मुडद्यांच्या भरवशावर लोकांना सांगता, घ्या विजेच्या गाड्या, घ्या!

धाबेवाला बिचारा भला माणूस. स्वयंपाकघरातल्या बोर्डावरून वायर ओढून दिली. पण संध्याकाळचा दाब कमी, थेंब थेंब येत होतं. भावना कधी बोर्डाजवळ, कधी फोनवर. मोतीराम बाहेर बाजेवर, घामानं निथळलेले.

त्यांना दिवसाला एक लिटर पाणी. त्याच्यावर घोट नाही, कारण शरीर ते बाहेर टाकत नाही, फुप्फुसात साचतं. हे जाईबाईंना ठाऊक होतं, भावनाला ठाऊक होतं. धाब्यावरच्या माणसांना कसं ठाऊक असणार? म्हातारा माणूस उन्हानं कासावीस झालेला दिसला, त्यांनी माणुसकी केली. एकानं थंड पाण्याची बाटली दिली, दुसऱ्यानं ताक. जाईबाई म्हणाल्या, "अजी, पुरे करा नं."

"एक घोट घेऊ दे वं. जीव जाऊन राहिला मायावाला."

तीन तासांत दोन-अडीच लिटर गेलं पोटात. मी त्यांना त्या दिवशी पाणी मागताना पाहिलं, तसं कधी पाहिलं नव्हतं. त्यांना मी आत घेऊन थंड करू शकले असते. माझ्यातली ती थंडी काकाजी खाऊन बसले होते.

घरी पोचवलं मी. तीन टक्क्यांवर पोचवलं. पण पहाटे सहाच्या पाळीआधीच त्यांचा श्वास कोंडला, अॅम्ब्युलन्स आली. पाच दिवस अतिदक्षता विभागात होते.

आणि सहाव्या दिवशी धम्मदीपनं अंगणात, आठ माणसांसमोर, माझ्या बोनेटवर हात आपटला. "या डब्ब्यानं माया बापाचा जीव घेतला असता! विकून टाकतो हे." भावनानं त्याच्याकडे पाहिलं. आचल बाजूलाच उभी होती, तिच्या हातावरची मेंदी अजून गेली नव्हती. बोललं तर त्या पोरीला या घरात कायमचं ऐकावं लागलं असतं की तुझ्या माहेरच्यांनी सासऱ्याला मारलं असतं. भावनानं ओठ मिटले. धम्मदीप माझी किल्ली खिशात घालून पुण्याला गेला. जुनी गाडी, किल्ली एकच. "भावनाताईनं पुन्हा रिस्क घेऊ नये म्हणून," असं सगळ्यांना सांगितलं. काळजी म्हणे!

मला त्याची कीवही येते, खोटं कशाला बोलू? त्याला रात्री झोप येत नसणार. पण त्याची झोप वाचवायला बापानं किती दिवस काढायचे?

पुन्हा ऑटो. पुन्हा काळीपिवळी. दिवाळीनंतर डिझेलची घेऊ, असं तो फोनवर सांगतो. पहिले तीन आठवडे भावनानं ओढून नेलं. मग शुक्रवार गळाला. आज पाचवा शुक्रवार.

सकाळी साडेपाचला मोतीराम धुतलेला सदरा घालून, फाइल काखेत घेऊन बाहेर आले. सवयीनं माझ्यापाशी आले, दाराची मूठ ओढली. लागलेलं होतं. तिथंच थोडा वेळ हात ठेवून उभे राहिले. भावना ऑटोवाल्याला फोन लावत होती.

"राहू दे माय," ते म्हणाले. "आज बरं वाटून राहिलं."

चपलेत पाय मावत नव्हते त्यांचे. सुजून पट्टे रुतले होते.

धम्मदीप, ऐक. मला डब्बा म्हण, भंगारात घाल, मी रागावेन आणि मरेन, तो माझा प्रश्न आहे. पण लग्नाहून आल्यावर भावनानं घरच्या बोर्डावर भरून ठेवलेले ब्याऐंशी टक्के माझ्यात आहेत, आणि अमरावती बारा किलोमीटर आहे. ताईला एक फोन कर. चारचौघांत बोलायची हिंमत नसेल तर तिला एकटीला सांग की एसी मी लावून दिला होता, आकडा मी पाहिला होता. आचल समजदार आहे, तिला तू समजतोस त्यापेक्षा जास्त कळतं. आणि किल्ली आजच्या आज पाठव. सोमवारची पाळी सहाला आहे.