बाळंतिणीची सुंठ

माझी वहिनी, विलासिनी चेची, बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा सातवा महिना होता. परत आली ती बाळंत झाल्यावर अकराव्या दिवशी, एकटी. मुलगी झाली होती. ती रडलीच नाही. चेचीला तिचा चेहराही कुणी दाखवला नाही.

खरं तर तिने चाळीस दिवस माहेरीच राहायचं. पण तिच्या भावाची बायको पाचव्या महिन्यात होती, आणि त्या घरातल्या बायकांना एका छपराखाली दोघी नको होत्या. तिची आई तिला बसने आमच्या दारापर्यंत घेऊन आली, ओसरीवर टेकून पाणी प्यायली आणि पुढच्याच बसने निघून गेली. माझा भाऊ सहदेवन रबराच्या मळ्यावरून आला, तर बायको स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून बसलेली. "कधी आलीस?" एवढंच त्याला विचारता आलं.

मला धास्ती होती ती अम्माची. माझी आई कार्त्यायनी तोंडाने फटकळ, आणि सुनेशी तिचं कधी फारसं जमलं नव्हतं. चेची माहेरच्या सवयीने आल्याच्या आंबट आमटीत गूळ जास्त घालायची. "ही आमटी आहे की पायसम?" असं म्हणून अम्मा ती पानाच्या कडेला सारायची.

त्या दिवशी मात्र अम्मा सरळ उठली. चुलीवरच्या फळीवरून तिने मडकं काढलं. गेल्याच महिन्यात परसातलं आलं काढून आम्ही दोघींनी बांबूच्या कामटीने खरवडलं होतं, खडकावर दहा दिवस वाळवलं होतं. त्यातली भरदार सुंठ तिने चेचीच्या माहेरी पाठवायला बाजूला ठेवली होती. ती तिने सुपात ओतली.

"ओमने, उखळ धुऊन घे."

"कशाला?"

"घरात बाळंतीण आहे."

"पण अम्मा..."

"पण काय?"

मी उखळ धुतलं. सुंठ कुटली, फडक्यातून गाळली. अम्माने काशाच्या पसरट उरुळीत ताडगुळाचा पाक केला, नारळाचं दूध घातलं, जिरं, ओवा, सुंठीची पूड, आणि वरून तूप सोडत सोडत ते ढवळत राहिली. चाटण भांड्याची कड सोडू लागलं तेव्हा घरभर असा तिखट वास भरला, की सहदेवन शिंकत बाहेर गेला.

चेचीने वाटी हातात घेतली नाही. चोळीखाली तिने छातीला घट्ट फडकं बांधलं होतं, तरी कापड ओलं झालेलं दिसत होतं.

"अम्मा, हे दूध यायला देतात. मला दूध नकोय."

"दुधाला मेथी लागते. यात मी मेथी घातलेली नाही. हे तुझ्या कंबरेसाठी आहे."

तरीही तिने खाल्लं नाही. वाटीला मुंग्या लागल्या. दुसऱ्या दिवशी तेच. चेची फक्त भाताची पेज प्यायची, तीही अर्धी. बियाण्यासाठी खड्ड्यात ठेवलेलं आलं अम्माने उकरून काढलं. एरवी त्याला ती कुणाला हात लावू देत नसे. लहान कांदे आणि मीठ घालून तिने त्याची चटणी वाटली आणि पेजेबरोबर ठेवली. चेचीने ती बोटाने चाटली आणि बाजूला ठेवली.

तिसऱ्या दिवशी शेजारची मीनाक्षी दही मागायला आली. वासावरून तिला सगळं कळलं.

"कार्त्यायनी, मूल नाही आणि चाटण कसलं गं? लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांग, कार्त्यायनीकडे सुंठ फार झाली होती."

मीनाक्षी दही घेऊन गेली. चेचीने सगळं ऐकलं होतं. अम्मा तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"हा सहदेवन झाला ना, त्याच महिन्यात याच घरात नारायणी बाळंत झाली. माझी थोरली जाऊ. तिचा मुलगा दोन तासांत गेला. सासूने तिला बाराव्या दिवशी कामाला लावलं. माझं चाटण तीच ढवळायची. चाळीस दिवस. तुझ्यासारखीच तिची चोळी ओली व्हायची. ती वाटी भरून द्यायची आणि मी खायचे. एक बोटभर तरी तू घे, असं मी तिला म्हटलं नाही."

मी दारात उभी होते. नारायणी मोठी आई मला माहीत होती. नवरा वारल्यावर मूवाट्टुपुळ्याला भावाकडे राहायला गेलेली, काठी टेकत वाकून चालणारी. हे मात्र मी कधी ऐकलं नव्हतं.

चेचीने विचारलं, "त्यांनी मागितलं नाही?"

"नाही. मागितलं असतं तर दिलं असतं, असं मी अठ्ठावीस वर्षं स्वतःला सांगत आलेय."

चेचीने वाटी ओढून घेतली. एक बोट तोंडात घातलं आणि ठसका लागावा तशी रडायला लागली. घरी आल्यापासून पहिल्यांदाच. अम्माने तिच्या पाठीवरून हात फिरवला नाही. नुसती बसून राहिली, आणि रडणं ओसरल्यावर म्हणाली, "उरलेलं संपव."

त्यानंतर रोज सकाळी तेल, गरम पाणी, मग चाटण. दोन आठवडे होत आले तेव्हा चेची म्हणाली, "चटणीत आलं जरा कमी घाला, अम्मा. तोंड पोळतं." अम्माने कमी घातलं. त्याच दिवशी संध्याकाळी सहदेवन जेवायला बसला असताना चेचीने त्याला विचारलं, "तिला केस होते का?"

तिच्या माहेरी जाऊन बाळाला पुरलं होतं ते त्यानेच. तो हातातला घास तसाच धरून म्हणाला, "होते. भरपूर."

दुसऱ्या दिवशी अम्माने एका डब्यात चाटण भरलं आणि मला मूवाट्टुपुळ्याला पाठवलं. नारायणी मोठी आई ओसरीवर बसली होती. तिने डबा उघडला, वास घेतला.

"कार्त्यायनीने केलंय?"

"हो."

"ताडगूळ करपलाय जरा." तिने डबा पुन्हा नाकाशी नेला. "मी ढवळायचे तेव्हा कधी करपू दिला नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं.

"सून खाते का?"

"खाते."

"मग तिलाच दे. चाळीस दिवसांत खंड पडू देऊ नका." तिने झाकण घट्ट लावलं आणि डबा माझ्या मांडीवर ठेवला.

घरी येऊन मी अम्माला सगळं जसंच्या तसं सांगितलं, करपल्याचंही. तिने डब्यातलं चाटण बरणीत काढून ठेवलं. पण सकाळी नवा ताडगूळ आणवला, मंद आचेवर उरुळी ठेवली आणि दुपारपर्यंत एकटीच ढवळत बसली. मला पळीला हात लावू दिला नाही.

चेचीचे चाळीस दिवस पुरे झाले, त्यानंतरच्या रविवारी नव्या चाटणाचा डबा घेऊन सासू-सून दोघी मूवाट्टुपुळ्याला गेल्या. मला नेलं नाही. तिथे काय बोलणं झालं ते दोघींपैकी कुणी मला कधी सांगितलं नाही. पण येताना डबा बरोबर नव्हता.