नात्याची नजर

हिरोचा डुप्लिकेट म्हणून आजवर इसक्कीमुत्तूच उड्या मारत आला होता. आज मात्र फाइट मास्टर नागलिंगम यांनी सगळ्या युनिटसमोर त्याच्या धाकट्या भावाकडे, शुडलैकडे बोट केलं. "गच्चीवरून अंगणात उडी याची. इसक्की, तू दोर धर."

इसक्की हसला. अशा वेळी हसावंच लागतं.

सिनेमाची गोष्ट तर काय, मामानं थोरल्या भावाला मारलेलं असतं आणि धाकटा सूड घ्यायला थेट मामाच्या अंगणात उडी टाकतो. हिरो सकाळपासून डायलॉग घोकत होता, 'माझ्या अण्णाच्या रक्ताची शपथ!' दर वेळी इसक्कीच्या तळपायाची आग मस्तकात जात होती. थोरला गेला की धाकट्याचं नशीब उघडतं, एवढंच त्याला त्यातून ऐकू येत होतं. वडपळनीच्या मैदानात ज्याला त्यानं पहिली कोलांटी शिकवली, तोच आता त्याचा डुप्लिकेटचा शर्ट घालून मिरवत होता. आणि बसला तरी कसा होता मेल्याला! इसक्कीच्या पोटावर तो अलीकडे ताणायचा.

"अण्णा, वरचं बटण लागत नाही हो," शुडलै म्हणाला.

"छाती फुगवू नकोस मग. अजून उडी मारायची आहे."

फायटर लोकांची रीत अशी, की मोठ्या उडीला दोरावर पुढचा हात सख्ख्या माणसाचा असावा आणि आधी दृष्टही त्यानंच काढावी. कोणीतरी कोहळा आणून त्यावर कापूर पेटवला. इसक्की तो भावावरून ओवाळू लागला.

"गावाची नजर, वाटेची नजर, शेजाऱ्याची नजर..."

पुढे होती नात्याची नजर. त्याची जीभच उचलेना. नजर लावणाराच ती काढायला उभा होता, आणि हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं तेवढं गिळून कोहळा जमिनीवर आपटला.

शुडलै गच्चीवर गेला. त्याच्या कमरेला बांधून वरच्या कप्पीवरून खाली सोडलेला दोर इसक्कीनं धरला, मागे आणखी तिघे. पुढचा हात जरा सैल सुटला तर? मरायचा नाही, पाय मोडेल फार तर. शर्ट पुन्हा आपला.

हे आपल्याच मनात आलं, याची त्याला धडकी भरली. त्या भीतीपोटी त्यानं दोरवाल्यानं कधीच करू नये ते केलं. दोराचा वेढा स्वतःच्या मनगटाला घेतला. आता सोडायचा म्हटला तरी सुटणार नव्हता.

"अ‍ॅक्शन!"

झटका बसला. दोर मनगटात रुतला, इसक्की गुडघ्यांवर फरफटला, पण शुडलै अलगद पायांवर उतरला. टाळ्या कडाडल्या. हिरोनं येऊन पाठ थोपटली, तीही शुडलैचीच. रक्ताळलेलं मनगट पंच्यात गुंडाळून इसक्की कडेला जाऊन बसला. इतकं होऊनही त्या टाळ्या त्याला टोचतच होत्या.

शुडलै धावत आला. "बघू हात."

"जा तू. तुझे फोटो काढतायत."

"वेढा घेतलात ना?"

"हात घसरत होता."

शुडलैनं आपली बाही वर सारली. मनगटावर जुना पांढरा वण होता. इसक्कीला तो पाठ होता. नदीच्या पुलावरून त्यानं स्वतः उडी मारली आणि दोर शुडलैच्या हातात होता, त्या दिवशीचा. मनगटाला वेढा घेतला, दोर धरायची अक्कल नाही, म्हणून त्यानं शुडलैच्या चारचौघांत थोबाडीत मारली होती.

"टाळ्या नेहमी तुम्हालाच पडायच्या, अण्णा," शुडलै खाली बघत म्हणाला. "त्या दिवशी माझ्या मनात वाईट आलं. म्हणून वेढा घेतला."

तेवढ्यात मास्टर ओरडले, "आणखी एकदा घेऊ!"

इसक्की उठला. त्यानं पंचा करकचून बांधला आणि नवा कोहळा मागवला. या खेपेला त्यानं काहीच गिळलं नाही. "नात्याची नजर" त्यानं स्पष्ट म्हटलं, आणि शुडलैही ते त्याच्याबरोबर मोठ्यानं म्हणाला.