डॉइल बाईंच्या घरी

"आधी फोन तरी करा," आई म्हणाली.

बाबा आरशासमोर शर्टाची बटणं लावत होते. "मयत झालेल्या घरी फोन करून जातात का, जयंती? अपॉइंटमेंट घेऊन दुःख विचारायचं?"

"हा कॅनडा आहे."

"मग? इथं माणसं मरत नाहीत?"

"अहो, त्यांचा राग तुमच्यावरच आहे."

"म्हणून तर जाऊन रायलो ना."

मी ड्राइव्हवेतला बर्फ शोव्हल करून गाडी बाहेर काढली. आमच्या घरातला तो शेवटचा साधा दिवस होता.

माझे वडील, वाल्मिक रामटेके, हॅमिल्टनच्या पोलाद उद्योगात इंजिनिअर म्हणून आले. कपातीच्या काळात कामगारांच्या बाजूनं बोलता बोलता निवडणुकीला उभे राहिले आणि जवळच्या आमच्या लहानशा गावातून रीजनल काउन्सिलवर तीनदा निवडून गेले. सगळे त्यांना 'वॉली' म्हणत. बेसमेंटमध्ये पाणी शिरलं, बस बंद झाली, की वॉली दारात हजर. कुणाकडे माणूस गेलं तर न बोलावता जायचं आणि नुसतं बसायचं, ही नागपुरातल्या वस्तीची सवय त्यांनी इथंही सोडली नव्हती. लोकांना आधी नवल वाटे, मग आवडे.

त्या जानेवारीत काउन्सिलनं आपला वृद्धाश्रम बंद केला. वायरिंग धोक्याचं आहे असा अहवाल होता. 'थंडी ओसरेपर्यंत थांबू,' असं बाबा बैठकीत म्हणाले. पण कुणी ऐकेना, तेव्हा मत त्यांनी बंद करण्याच्या बाजूनंच दिलं. आग लागली तर, हा विचार त्यांच्या डोक्यातून जात नव्हता. त्यांच्या एका मतानं ठराव मंजूर झाला. कडाक्याच्या थंडीत म्हातारी माणसं व्हीलचेअरवरून हलवली गेली. त्यांतल्या डॉइल बाई नव्या जागी पंधरवड्यातच वारल्या. काउन्सिलच्या इमारतीसमोर फलक घेऊन माणसं उभी राहू लागली.

त्या दिवशी दार बाईंच्या मुलानं, केविननं उघडलं. बाबांनी बूट काढले, 'आय अ‍ॅम सॉरी, केविन' म्हणाले आणि सोफ्याच्या कडेवर गुडघ्यांवर हात ठेवून बसले. मी दाराशीच उभी राहिले.

"व्हॉट डू यू वाँट, वॉली?"

"नथिंग. फक्त बसायला आलोय."

"माझ्या आईला तू बर्फात बाहेर काढलंस. आता इथं बसून काय, मतं मागणार?"

बाबांनी मान खाली घातली. स्वयंपाकघराच्या दारातून केविनच्या मुलीनं मोबाइल वर धरला, फोटो काढला.

"गेट आउट," केविन म्हणाला. त्याला रडू आवरत नव्हतं.

पायरीवर बाबांना बुटांच्या नाड्या बांधता येईनात. ते तसेच गाडीत येऊन बसले. मी गाडी सुरू केली तेव्हा म्हणाले, "चुकलं का वं माझं?"

"सीटबेल्ट लावा, बाबा," मी म्हणाले.

सोमवारी तो फोटो पेपरात आला. लोकांनी तोच मोठा करून फलकांवर चिकटवला. 'वॉली मस्ट गो' ही घोषणा आमच्या रस्त्यावरही ऐकू येऊ लागली. आंबेडकर असोसिएशनच्या दीनानाथकाकांचा फोन आला. "भाऊ, इथं असं कोणी जात नाही ना. लोकांना नाटक वाटलं." ठरावाच्या बाजूनं मत दिलेले बाकीचे सदस्य गप्प होते.

राजीनामा त्यांनी भर बैठकीत वाचला. गॅलरीतून टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. मध्येच निघणं बरं दिसणार नाही असं वाटल्यासारखे बाबा टाळ्या संपेपर्यंत उभे राहिले.

मग घरचा फोन वाजेनासा झाला. ग्रोसरीला चला म्हटलं तर ते कोट घालायचे, खुर्चीत बसायचे आणि तासाभरानं कोट काढून ठेवायचे. एका संध्याकाळी खिडकीकडे बघतच म्हणाले, "तू होतीस तिथं. तूच सांग."

मी त्यांचा चहा पुन्हा गरम करून आणला.

अंगणातला बर्फ वितळायच्या आत त्यांना स्ट्रोक आला. दवाखान्यात ते कुणाशीच बोलू शकले नाहीत.

फ्युनरल होममध्ये मोजकीच आपली माणसं होती. गावातलं कुणी आलं नव्हतं. त्रिशरण-पंचशील झालं. मागच्या रांगेत दीनानाथकाका शेजारच्याला हळूच म्हणाले, "त्या एका घरी गेले अन् सगळं बिघडलं. भाऊनं जायलाच नको होतं." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण आईनं ते ऐकलं आणि ओढणीचं टोक तोंडात धरलं.

झाकण लावायला आलेला माणूस माझ्याकडे बघत थांबला. मी शवपेटीजवळ गेले. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले.

"बाबा, तुम्ही त्यांच्या घरी गेलात, ते बरोबर केलंत."