जिभेचं वळण

उबाल्दो मास्तरांनी ऑर्गनवरचे हात उचलले आणि गाणं थांबलं.

"हाइकेबाई, 'रेगित त्सेलुम' नव्हे. 'रेजित चेलुम'. आमची संत इटलीच्या स्वर्गावर राज्य करते, जर्मनीच्या नाही."

सगळे हसले. हाइकेही हसली. नवरा गेल्यावर ही जर्मन बाई गावात राहायला आली, आणि गळा गोड म्हणून मास्तरांनी तिला चर्चच्या गायकांत घेतलं. एर्सीलिया तिच्या शेजारीच उभी राहायची. एर्सीलियाला हाइके आवडायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी एर्सीलिया कॉफी ठेवत होती. आत तिचा नवरा दाढी करता करता तेच पद गुणगुणत होता. नेल्लो चर्चकडे फिरकतसुद्धा नसे.

"रेगित त्सेलुम..."

गावच्या संतेचं लॅटिन पद, पोरंठोरंही नीट म्हणतात.

"चेलुमचं त्सेलुम कधीपासून झालं रे?"

नळ बंद झाला.

"जर्मनीत सात वर्षं विटा भाजल्या ना? तिकडचे पाद्री असंच म्हणायचे. बसलं जिभेवर."

"आणि तीस वर्षांनी वर आलं?"

"उगाच नसतं काढू नकोस. कॉफी दे."

पटण्यासारखं होतं, म्हणून तिने पटवून घेतलं. तरी धुण्याआधी त्याचे सदरे ती हुंगायची, आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटायची.

पुढच्या सरावाला हाइके जिद्दीने म्हणाली, "रेचित चेलुम."

"'चे' जमला. आता 'ज' तेवढा राहिला," मास्तर म्हणाले. "रेजित."

"रेचित."

तिच्या जर्मन जिभेला तो 'ज' काही केल्या येईना. बायकांची हसून पुरेवाट झाली. एर्सीलियाही किती दिवसांनी मोकळी हसली. तिकडे म्हणतात रेगित, इकडे रेजित. रेचित म्हणणारी ही एकटीच.

घरी जाऊन नेल्लोला ही गंमत सांगायची असं तिने ठरवलं होतं. पण तो घरी नव्हता, आणि तो येण्याआधीच तिला झोप लागली.

सकाळी तो दाढीला उभा राहिला. स्वारी खुशीत होती.

"रेचित चेलुम..."

एर्सीलियाने कॉफी उतरवून ठेवली.

"नेल्लो," ती म्हणाली, "तेवढं पुन्हा म्हण बघू."

त्याने म्हटलं. या वेळी जरा मोठ्याने.