एका ग्राहकाला प्रश्न पडला आहे

रुग्णालयाच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला लोक काय म्हणणार? लिफ्टमामा. नर्सेस म्हणायच्या, डॉक्टर म्हणायचे, पेशंटचे नातेवाईक तर पहिल्या दिवसापासूनच म्हणायला लागायचे. बटण काय, कुणीही दाबेल. मामांचं खरं काम होतं उत्तरं देण्याचं. एक्स-रे कुठे काढतात, रक्त कुठे द्यायचं, भेटायची वेळ संपली का, सातव्या मजल्यावरचे मोठे डॉक्टर फार चिडके आहेत का. दिवसाला दोनशे प्रश्न तरी होत असतील. संध्याकाळी घरी येईपर्यंत मामांचं तोंड दुखायला लागायचं, मग बायकोने काही विचारलं की ते नुसतं 'हूं' म्हणायचे. त्या 'हूं'ची चुटपुट त्यांना आता लागली होती, ऐकणारी गेल्यावर. आपल्या सगळ्यांचं असंच असतं, मामांना एकट्याला कशाला बोल लावायचा?

मामा निवृत्त झाले आणि त्याच महिन्यात रुग्णालयात नवी लिफ्ट आली, स्वतःच बोलणारी. पाठोपाठ बायको गेली, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून मामांना कुणी काही विचारत नव्हतं. एकदा त्यांनी मोजून पाहिलं होतं. सोमवार ते शनिवार, सहा दिवसांत प्रश्न आला एकच, तोही दूध टाकणाऱ्याचा: "उद्यापासून अर्धाच लिटर ना?"

मुलगी होती एक, दुसऱ्या शहरात. रविवारी सकाळी अकराला न चुकता फोन करायची. तिचे प्रश्न ठरलेले: जेवण वेळेवर होतंय ना, गोळ्या घेतल्या का, पाय सुजतायत का. मामांची उत्तरंही ठरलेली: हो, हो, नाही. चार मिनिटांत कारभार आटपायचा. तिचं घर दोन खोल्यांचं आणि माणसं पाच. ती, जावई, दोन मुलं आणि जावयाची आई. मामांना तिथे जाऊन राहायचं होतं. त्यांना दुसरं तिसरं काहीच नको होतं. कधीतरी मुलगी म्हणेल, बाबा, आता इकडेच या, म्हणून दोन वर्षं ते डोळे लावून बसले होते. पण आपण होऊन शब्द काढायचा म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं वाटायचं. लोकांना इतकी वर्षं वरखाली नेणारा हा माणूस स्वतःसाठी कुणाला जरा सरकून घ्या म्हणाला नव्हता.

जुन्या फोनची बटणं बसली, तेव्हा मुलीने आपल्या नावावर एक साधा घडीचा फोन मागवला आणि पार्सलवाल्याने शोधत बसू नये म्हणून नंबर मामांचा दिला. फोन छान होता. उघडला की टपकन आवाज, ठळक आकडे, आणि एका नखाएवढ्या कार्डावर दोनशे गाणी. कार्ड मुलीने वेगळं, भरूनच पाठवलं होतं.

आठवड्याने त्यावर मेसेज आला. 'एका ग्राहकाला प्रश्न पडला आहे: फोन मिटल्यावर गाणं चालू राहतं का? तुम्ही मदत कराल का? उत्तर याच नंबरवर पाठवा.'

आता खरी गोष्ट अशी, की असले मेसेज कंपनीचं यंत्र तो फोन घेतलेल्या प्रत्येकाला धाडतं. शहाणी माणसं ते न वाचता पुसतात. जे उत्तर जाईल ते इंटरनेटवर फोनच्या जाहिरातीखाली छापलं जातं, जगाने वाचावं म्हणून. मामांना यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, कुणीतरी बिचारा अडलाय आणि कंपनीने त्याला सांगितलंय, थांबा, आमचे एक मामा आहेत, त्यांना विचारतो. मामांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

त्यांनी चष्मा पुसला, टेबलाशी खुर्ची ओढली, गाणं लावलं आणि फोन मिटला. गाणं थांबलं. एका गाण्यावरून काय ठरवायचं, म्हणून त्यांनी सहा गाणी लावून पाहिली. मग एकेक बटण तीन-तीनदा दाबत उत्तर लिहिलं: 'नमस्कार. मिटल्यावर गाणं थांबतं. सहा वेळा पाहिलं. उघडा ठेवून उशाशी ठेवावा. तब्येतीची काळजी घ्या.'

पुढचा प्रश्न होता, मोठं कार्ड चालेल का. मामांनी लिहिलं, 'माहीत नाही. उद्या विचारून सांगतो.' आणि खरंच दुसऱ्या दिवशी चौकातल्या मोबाइलच्या दुकानात जाऊन उभे राहिले. दुकानातल्या बाईंनी विचारलं, "तुम्हाला हवंय का कार्ड?"

"मला नकोय हो. एका गृहस्थांना हवंय."

"मग त्यांनाच पाठवा ना इकडे."

"ते कुठे राहतात मला माहीत नाही," मामा म्हणाले. बाईंनी एकदा त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि काय ते सांगून टाकलं. मामांनी घरी येऊन लिहिलं, 'काल कबूल केल्याप्रमाणे सांगतो. चालेल.'

प्रश्न येत गेले. आवाज किती मोठा आहे? मामांनी फोन ओट्यावर वाजत ठेवला, न्हाणीघरात जाऊन दार लावलं आणि कळवलं, 'आतपर्यंत ऐकू येतं. घरात दुसरा आवाज नसेल तर.' हातातून पडला तर फुटतो का? मामांनी काळजावर दगड ठेवून तो पलंगाच्या उंचीवरून सोडला. नाही फुटत. ते आता सकाळी दाढी करून बसू लागले. न जाणो, कुणाला काही नड लागायची!

मग एका मंगळवारी दुपारी प्रश्न आला: 'माझे वडील एकटे असतात. फोनवर फार बोलत नाहीत, मजेत आहे म्हणतात. त्यांना गाण्यांचा उपयोग होईल का? घेऊ का हा फोन?'

मामांनी फोन मिटला. पुन्हा उघडला. चहा ठेवला आणि तो उतू गेल्यावर गॅस बंद केला. बुधवारी काही लिहिलं नाही. गुरुवारी सकाळी बसले ते दुपार कलेपर्यंत बोटं चालवत होते. मेसेजचे आठ तुकडे झाले.

'नमस्कार. फोन घ्या. बटणं मोठी आहेत, वडिलांना जमेल. गाण्यांचं मात्र खरं सांगतो. मी सकाळी उठलो की गाणी लावतो. आवडतात म्हणून नाही लावत, घरात कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून लावतो. मग फोन मिटतो आणि घर फार मोठं होतं. माझं घर दीड खोलीचं आहे. तुमचे वडील मजेत आहे म्हणतात ते खोटं आहे. मीही मुलीला तेच सांगतो. एकदा मी आरशासमोर उभं राहून मलाच विचारलं, काय मामा, कसं काय चाललंय? आवाज घोगरा आला, कारण तीन दिवस वापरलाच नव्हता. जमत असेल तर वडिलांना तुमच्याकडे राहायला बोलवा. ते नको म्हणतील. पुन्हा बोलवा. बॅटरी उत्तम आहे, चार दिवस पुरते, कारण फोन फारसा वाजत नाही. काय ठरलं ते कळवा.'

पाठवून झाल्यावर मामांना हलकं वाटलं. तसं रडून झाल्यावर वाटतं, पण मामा रडले नव्हते. ते उत्तराची वाट पाहू लागले. शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी मुलीचा फोन आला. हो, हो, नाही. त्या अडलेल्या माणसाने मात्र काही कळवलं नाही.

पुढच्या बुधवारी, दुपारी तीन वाजता फोन वाजला. मुलगी. रविवार नसताना तिचा फोन, म्हणून मामांनी घाईघाईने उघडला.

"काय गं? मुलं बरी आहेत ना?"

"बाबा, मला कंपनीचं पत्र आलंय," ती म्हणाली. "'अभिनंदन, तुमचं उत्तर एकोणचाळीस ग्राहकांना उपयोगी वाटलं.' मी म्हटलं, मी कधी उत्तर दिलं? उघडून बघते तर माझ्या नावाखाली तुमचं सगळं छापलंय. लोकांनी वाचलंय ते, बाबा. यांनीही वाचलं. सासूबाईंना वाचून दाखवलं यांनी."

मामांचे कान तापले. "छापलंय? अगं, ते त्या एका माणसाला लिहिलं होतं."

"कोण माणूस?"

"ते मला काय ठाऊक! वडील एकटे असतात त्याचे."

"म्हणजे ज्याचं नावगावही माहीत नाही त्याला सांगितलंत. आणि मला नाही." तिचा आवाज चिरकला. "मी काय मेले होते?"

"त्याने विचारलं गं," मामा म्हणाले.

"मी नाही विचारत? दर रविवारी काय करते मी?"

"तू गोळ्यांचं विचारतेस. पायांचं विचारतेस. त्याची उत्तरं देतो की मी. त्यात एकदा तरी खोटं सांगितलं का? पाय खरंच सुजत नाहीत."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मामांना वाटलं, आपण फार बोललो. लेकीला रडवून काय मिळवलं म्हाताऱ्या, असं त्यांनी मनातल्या मनात स्वतःला झापलंही. ते काहीतरी सावरून घ्यायला जाणार, तेवढ्यात तीच म्हणाली.

"बाबा, तुम्हाला इथे यायचंय का? राहायला?"

मामा उभे होते ते खाटेवर बसले. दोन वर्षं त्यांनी या प्रश्नाची उत्तरं घोळवून ठेवली होती. आधी नको म्हणायचं, मग मुलांची नावं काढायची, मग बघू म्हणायचं, मग तुझा आग्रहच आहे तर, म्हणायचं. आयत्या वेळी यातलं एकही आठवलं नाही.

"हो," मामा म्हणाले.

पलीकडे सगळं गप्प झालं. फोन कट झाला की काय, म्हणून मामांनी तो कानापासून काढून पाहिला. सेकंद पुढे सरकत होते. पुन्हा कानाला लावला. तिकडे कुणीतरी नळ सोडला आणि बंद केला. मुलगी श्वास घेत होती, बोलायला तोंड उघडत होती आणि पुन्हा मिटत होती. तिचं घर मामांना पाठ होतं. पुढच्या खोलीत सासूबाईंची खाट आणि धाकट्याचं अभ्यासाचं टेबल, मागच्या खोलीत कपाट उघडायचं तर आधी गादी गुंडाळावी लागते. ती पोर आता त्या दोन खोल्यांत सहाव्या माणसाची खाट टाकून बघत होती, हे मामांना इथे बसून दिसत होतं. लेक वाईट नव्हती. जागा नव्हती.

"म्हणजे चार दिवस गं," मामा म्हणाले. "कायमचं कोण म्हणतंय? मुलांना भेटेन, चार दिवस राहीन आणि परत येईन."

"अहो, मग या ना!" मुलगी म्हणाली. "चार दिवस काय, चांगले आठवडाभर या! कधीही या बाबा, यात विचारायचं काय!"

तिचा आवाज एकदम इतका मोकळा झाला, की मामांना तो ऐकवेना. ती भराभर मुलांच्या सुट्ट्यांच्या तारखा सांगू लागली. मामांनी कॅलेंडर खाली उतरवून मांडीवर घेतलं, पेन शोधलं, आणि ती आठवडा म्हणाली होती तरी चारच दिवसांभोवती रेघ ओढली.