नंबर पडलेला रोबोट

धाकटा झाला तेव्हापासून आमची पुनम भिंतीकडच्या बाजूला एकटी झोपते. पाच वर्षांची आहे, तक्रार करत नाही, आणि तेच मला लागतं. नागपूरच्या मामानं रोबोटचा डबा पाठवला आणि हा माझ्यापाशी झोपंल असं ती म्हणाली, तेव्हा तो नीट जमावा हे तिच्यापेक्षा मलाच जास्त वाटू लागलं.

डबा उघडला तर आत रोबोट नव्हताच. प्लास्टिकच्या जाळीत अडकलेले पांढरे तुकडे, काही तर उडदाच्या दाण्याएवढे. पुनमचे बाबा आलापल्लीच्या लाकूड डेपोत ओंडक्यांच्या कापलेल्या तोंडावर नंबर टाकतात. त्यांच्या राकट चिमटीत ते तुकडे दिसेनात. पण मी बाळाची नखं काढते तसा त्यांनी नेलकटरनं एकेक तुकडा सोडवून जोडला.

पुनमला रोबोटच्या हातात बंदूक नको होती. लाकूड उचलणारा पाहिजे, म्हणाली. मग यांनी त्याचं मनगट कापलं आणि तांब्याची तार वाकवून डेपोतल्या क्रेनसारखा पंजा बसवला. त्या पंजानं आगकाडी उचलली, तर पुनमनं ती सतरा वेळा उचलायला लावली.

रंगाला तीन रविवार गेले. मी बाळाला पाजत बसायची आणि बघायची. एक पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, मग सागाच्या वाळल्या पानानं हलकं घासायचं. सँडपेपर ओरबाडते, पान पाहिजे तेवढंच काढते, असं त्यांचं म्हणणं. निळा रंग खांद्यावर गडद होता, तो पोटाकडे उजळत गेला. कुठे बदलला ते शोधून सापडेना. शेवटी गुडघ्यांवर लाल मातीचं बोट फिरवलं, आणि तो रोबोट जंगलातून चालत आल्यासारखा दिसू लागला. लग्नाला सात वर्षं झाली, पण या माणसाच्या हातात हे आहे, मला ठाऊक नव्हतं.

सगळं झाल्यावर त्यांनी त्याच्या तळपायावर पांढऱ्या रंगात बारीक नंबर टाकला. हाताची सवयच ती. मलाही तो शोभून दिसला.

पुनमनं मात्र रोबोट अंथरुणात घेतला नाही. दुसऱ्या दिवशी तो मला तांदळाच्या डब्यात सापडला, माझ्या जुन्या ब्लाउजमध्ये गुंडाळलेला. का लपवला, मी विचारलं. तर बाबांकडे न बघता पुनम म्हणाली, "नंबर टाकला ना त्याच्यावर. नंबर पडला का ट्रक येते."

आमच्या दारातून डेपोचं फाटक दिसतं. नंबर पडलेला ओंडका लिलावात जातो, मग ट्रकवर चढतो. परत आलेला तिनं एकही पाहिला नव्हता.

मी यांना म्हटलं, खोडून टाका. ते म्हणाले, खोडलेले नंबरही तिनं पाहिले आहेत, त्यांच्यावर नवा पडतो.  मग उठले, मागच्या पडवीतून वाटीत गेरू कालवून आणला आणि पुनमसमोर मांडी घातली. जंगलात तोडणीसाठी झाडांची निवड होते तेव्हा जे झाड ठेवायचं असतं, त्याच्या छातीला गेरूचा पट्टा मारतात, हे तिला सांगितलं.

"त्याले मंग कोणी कुऱ्हाड लावत नाई. कोणीच नाई."

आणि डेपोतला जाड ब्रश बुडवून त्यांनी त्या तीन रविवारांच्या निळ्यावरून लालभडक पट्टा ओढला.  त्यांचा हात जरा म्हणून अडखळला नाही.

पुनमनं पट्ट्याला बोट लावून पाहिलं. बोट लाल झालं.

"पाण्यानं गेला तं?"

"तं मले सांगजो. पुन्हा मारीन."

तिनं थोडा विचार केला. मग गेरूची वाटी दोन्ही हातांनी उचलून आपल्या उशाशी नेऊन ठेवली, आणि रोबोटला कुशीत घेऊन भरदुपारी आडवी झाली. पट्टा अजून ओलाच होता. फ्रॉक लाल झाला, चादर लाल झाली.